तुमचं नाक म्हणजे तुमच्या धंद्यातलं पहिलं क्वालिटी कंट्रोल



टेंभुर्णीत एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला गाव आधी नाकानं कळतं. गाळपाच्या दिवसांत वाऱ्यावर येणारा मळीचा आंबूस वास, उजनीच्या मासळीचा दर्प, महामार्गावरच्या हॉटेलातली खमंग फोडणी. आता गावातल्याच माणसाला विचारा. तो म्हणेल, "कसला वास? मला तर काय येत नाही." तो खोटं बोलत नाही. रोजच्या वासाची दखल घेणं त्याच्या नाकानं कधीच सोडून दिलंय.

आजचा विषय हाच आहे. चटणी, मसाला, लोणचं, फरसाण, गूळ, घाण्याचं तेल, यातलं काहीही विकायचं तुमच्या डोक्यात असेल, तर नाक हे तुमच्याकडचं सगळ्यात स्वस्त तपासणी यंत्र आहे. पण हे यंत्र नेमकं स्वतःच्याच कारखान्यात मंद पडतं. ते जागं कसं ठेवायचं, ते बघू.

नाक काम कसं करतं?

नाकाच्या आत, वरच्या बाजूला वास टिपणाऱ्या पेशी असतात. माणसात वास ओळखणाऱ्या ग्राहींचे सुमारे ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये यामागची जनुकं शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेटीवर मोजक्याच पट्ट्या असतात, पण त्यातून हजारो चाली निघतात ना? तसंच इथं होतं. एक वास अनेक ग्राहींना एकदम जागं करतो आणि मेंदू ती चाल ओळखतो.

एक प्रयोग आत्ताच करा. नाक चिमटीत धरा आणि शेंगाचटणी जिभेवर ठेवा. मीठ कळेल, तिखट झोंबेल. आता नाक सोडा. भाजलेला शेंगदाणा आणि लसूण एकदम समोर येतील. म्हणजे गिऱ्हाईक ज्याला "चव" म्हणतं, त्यातला मोठा भाग वासाचा असतो.

वासाला नाव द्या, कारण सापडेल

"वास येतोय" एवढं म्हणून भागत नाही. आपल्या आया-आज्यांनी वासासाठी किती नेमके शब्द वापरले, ते बघा. यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक निदान आहे.

- खवट: तेल बिघडलंय. हवा, उजेड आणि उष्णता यांनी तेलाचं ऑक्सिडीकरण होतं. दाणे जुने आहेत का, पिशवीचं सील नीट आहे का, माल उन्हात ठेवला का, ते बघा.
- कुबट: ओल राहिलीय. मिरची किंवा धने नीट वाळले नाहीत, नाहीतर पोती थेट फरशीवर ठेवलीत.
- आंबूस: आंबण्याची क्रिया सुरू झालीय. लोणच्यात मीठ कमी पडलं असेल, ओला चमचा गेला असेल.
- करपट: आच जास्त झाली किंवा हलवणं कमी पडलं.

मालावर काम करणाऱ्या ताईंना हे शब्द वापरायची सवय लावा. "मावशी, वास येतोय का?" असं विचारू नका. "कसला वास येतोय?" असं विचारा. या एका प्रश्नानं तुमची तपासणी बदलते.

आपल्या मालाचा वास आपल्यालाच का येत नाही?

समजा, टेंभुर्णीतल्या एका ताईंनी शेंगाचटणीचा २५ किलोचा लॉट केला. किलोमागे २०० रुपये खर्च धरला, तर ५,००० रुपये गुंतले. त्या सकाळपासून भाजणं-कुटणं करतायत. दाणे थोडे जुने होते, त्यामुळे हलका खवटपणा आलाय. पण चार तास त्याच वासात बसल्यावर नाकाला काही वेगळं जाणवतच नाही. पाकिटं दुकानात जातात. दुकानदार पहिलं पाकीट फोडतो आणि म्हणतो, "ताई, हे परत घेऊन जा."

५,००० रुपये गेले ते गेलेच. पण त्या दुकानाची पुढची वर्षभराची ऑर्डर गेली, तो तोटा मोठा आहे. गंमत म्हणजे ताईंचं नाक चांगलंच तेज होतं. चुकली ती तपासायची वेळ.

सतत येणाऱ्या वासाकडे दुर्लक्ष करायचं आणि नवीन वास पटकन टिपायचा, ही नाकाची रीतच आहे. म्हणून नाकाला कामाची पद्धत लावून द्या.

पाच सवयी

१. कच्चा माल सकाळी तपासा. चहा, तंबाखू, अगरबत्ती यांच्या आधी. त्या दिवशी हाताला अत्तर किंवा वासाचं तेल नको.

२. माल थोडा कोमट करून हुंगा. चिमूटभर मसाला तळहातावर चोळा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. उष्णतेनं वास मोकळा होतो. फ्रीजमधून काढलेल्या थंडगार वस्तूचा दोष लपून राहतो.

३. मध्ये विश्रांती घ्या. तीन-चार नमुन्यांनंतर बाहेर मोकळ्या हवेत जा, नाहीतर स्वतःच्या धुतलेल्या बाहीचा वास घ्या, म्हणजे नाक ताळ्यावर येतं.

४. प्रत्येक लॉटची पाकिटं मागे ठेवा. गिऱ्हाइकाला देता तेच पाकीट, तारीख टाकून, साध्या खोलीत ठेवा. एक ७ दिवसांनी, एक १५ दिवसांनी, एक ३० दिवसांनी फोडा आणि वास वहीत लिहा. दोन-तीन लॉटमध्ये तुमचा माल कधी उतरायला लागतो, त्याचा अंदाज येईल.

५. तीन वाट्यांची चाचणी घ्या. नवा दाणा किंवा नवं तेल वापरलंय? दोन वाट्यांत जुना माल, एकीत नवा. कामाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याला विचारा, "यातली वेगळी कोणती?" एकाचं उत्तर नशिबानंही बरोबर येतं, म्हणून निदान आठ-दहा जणांना विचारा. मोठ्या अन्न कंपन्यांतही अशीच त्रिकोणी चाचणी घेतात. तुम्हाला त्यासाठी फक्त तीन वाट्या लागतात.

नाकावर कुठं विसंबू नका

शेंगदाण्यावर बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते ना वासानं कळतं, ना चवीनं, आणि भाजल्यानंही पूर्ण जात नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे निवडून फेका, माल कोरडा ठेवा आणि धंदा वाढला की प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

दुसरं, गॅस. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. पण सर्दी झाली असेल, मिरचीचा खाट उठला असेल, तर तोही वास हुकू शकतो. पाइप आणि रेग्युलेटर नियमित तपासा. वास आलाच तर स्विचला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

"माझं नाक काही तेज नाही हो!"

असं म्हणून थांबू नका. २००९ मध्ये जर्मनीतल्या थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी वास कमी झालेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज दोनदा, १२ आठवडे हुंगायला लावले. त्यातल्या काही जणांची क्षमता सुधारली. निरोगी माणसालाही सरावानं बारीक फरक ओळखता येतात. तुमचे चार वास तुमच्या धंद्यातले निवडा. उदाहरणार्थ ताजा दाणा, जुना दाणा, ताजं तेल, खवट तेल. रोज पाच मिनिटं द्या.

आणि नाकावर धंदा उभा राहतो का, अशी शंका असेल, तर एस. एच. केळकर आणि कंपनी बघा. १९२२ साली मुंबईत सुरू झालेली ही मराठी माणसांची कंपनी सुगंध आणि खाद्यस्वाद बनवते आणि २०१५ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. तिथल्या प्रयोगशाळेत यंत्रं आहेतच, पण सुगंध जुळवायला शिकलेलं नाक लागतंच.

या आठवड्याचा गृहपाठ: एक वही घ्या. सात दिवस रोज तुमच्या मालाचा वास सकाळी एकदा आणि काम संपल्यावर एकदा लिहा. फक्त एक शब्द, खमंग, कुबट, करपट, जो असेल तो. संध्याकाळच्या रकान्यात "काही नाही" असं वारंवार यायला लागलं, तर समजा की तेव्हा तुमचं नाक दमलेलं असतं. त्या वेळी पाकिटं सील करू नका. सकाळी ताज्या नाकानं हुंगा, मगच सील करा.