काळ्या वाळूतील सोने

सराफीशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांस झारेकरी परिचित आहेच. सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन त्यांतील सोन्याचा कण न् कण वेचणारा हा कारागीर होय. हेच काम ओढ्यांच्या वाळूत करणारे लोक पूर्वी आमच्या बेळगावशेजारच्या धारवाड-गदग भागात होते. त्यांस 'जालगार' म्हणत. कप्पतगुड्डाच्या डोंगरातून वाहणारे ओढे ही त्यांची पेढी. त्या टापूतील सुवर्णयुक्त खडकांविषयी भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली लिहून ठेवले आहे.

वाळू धुणाऱ्याची खरी कसोटी शेवटच्या मुठीत लागते. गारेची वाळू पाण्याच्या सात ते आठ पट नव्हे, अवघी २.६५ पट जड. ती सहज वाहून जाते. शुद्ध सोने १९.३ पट जड, ते तळाशी बसते. परंतु त्याच्यासवे काळी वाळूही बसते. तीत सुमारे ५.२ पट जड मॅग्नेटाइट, ४.७ पट जड इल्मेनाइट व तांबूस गार्नेट असते. सोने यांहूनही जड खरे. पण त्याचा कण पिठासारखा बारीक व चपटा, आणि काळ्या वाळूचा कण टपोरा असला म्हणजे पाणी दोघांस सारखेच वागविते. येथे घाई केली, की दिवसभराची कमाई वाहून जाते.

यावर उपाय साधे आहेत. प्रथम चाळण्यांनी सारख्या आकाराचे कण वेगळे करावे व प्रत्येक भाग निराळा धुवावा. उरलेली काळी वाळू वाळवून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक तीवरून फिरवावा. मॅग्नेटाइट उचलले जाईल. त्यांत अडकलेले सोने सुटावे म्हणून ही क्रिया दोनतीनदा करावी. इल्मेनाइट साध्या चुंबकास फारशी दाद देत नाही. ते उथळ ताटलीत, थोड्या पाण्यात, हलक्या हाताने दूर सारावे. बारीक सोने पाण्यावर तरंगते, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा.

पाऱ्याचा मार्ग झटपट आहे. पण तो घातक आहे. सोने धरलेला पारा तापवून उडविताना निघणारी वाफ मज्जातंतू व मूत्रपिंडे बिघडविते, आणि घरातील मुलांसही सोडीत नाही. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली झालेला मिनामाता करार भारताने २०१८ साली मान्य केला.

आपल्या पेढीचा केर झारेकऱ्यास देताना भावाची घासाघीस आपण करतोच. त्याच वेळी तो सोने कसे काढतो, हेही विचारावे, आणि पाऱ्याविना काम करणाऱ्यास चार पैसे अधिक द्यावेत. यतना हा आपल्या आचाराचा पाया आहे. तो तराजूपाशी संपत नाही.