जुन्या मोटारसायकलची डळमळती रालांती

गेल्या वर्षी मार्च महिन्यात आम्ही अमेरिकेत न्यू जर्सी येथे आमच्या भाच्याकडे तीन आठवडे राहिलो. त्याच्यापाशी 1975 सालची होंडा सीबी 750 आहे. गाडी दिसायला सुरेख, धावायलाही झकास. पण लाल दिव्यापाशी मूठ सोडली की इंजिन कधी दोन हजार फेऱ्यांवरच अडून राही, तर कधी गचके खात बंद पडे. एकदा डावीकडे वळताना ते चौकाच्या मधोमध बंद पडले. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने धावतात, म्हणून तेथे डावीकडे वळायचे तर समोरून येणारी रांग ओलांडावी लागते. चहूकडून हॉर्न वाजताहेत आणि आमचा भाचा दोनशे किलोहून जड गाडी ढकलत आहे, असा प्रसंग झाला. त्या रात्री भाचेसुनेने जेवताना निक्षून सांगितले, ही गाडी आता विकून टाका.

"मामा, तुम्ही एकदा बघाल का?" भाच्याने हळूच विचारले.

आम्ही काही मेकॅनिक नव्हे. पण रेद्वीला शिक्षकाचे प्रशिक्षण घेत असताना आमची जुनी मोटारसायकल चढणीवर रोज रुसत असे आणि गॅरेजला द्यायला पैसे नसत. त्यामुळे हात काळे करण्याची सवय लागली. आपल्याकडचे गॅरेजवाले इंजिनाच्या मंद चालीला रालांती म्हणतात, तोच शब्द आम्ही येथे वापरतो.

भाच्याने सगळे जण करतात तेच केले होते. रालांतीचा स्क्रू फिरवून चाल वाढवून ठेवली होती. याने दोष जात नाही, झाकला जातो. शिवाय इंजिन तापले की चाल आणखी चढते, आणि थांबताना ब्रेकला इंजिनाशीच झगडावे लागते.

प्रत्येक वेडीवाकडी रालांती म्हणजे दोष, असेही नाही. शेजारच्या घरी एक हार्ले-डेव्हिडसन होती. तिचा आवाज लंगडत चालणाऱ्या माणसासारखा. तिचे दोन सिलिंडर 45 अंशांच्या कोनात आणि दोन्ही एकाच क्रँकपिनवर असतात, त्यामुळे एक स्फोट 315 अंशांनी आणि पुढचा 405 अंशांनी होतो. ती चाल जन्मजातच तशी. कंपनीने 1994 साली त्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता आणि 2000 साली तो अर्ज मागे घेतला. होंडाचे चार सिलिंडर मात्र दर 180 अंशांनी पेटतात. हजार फेऱ्यांच्या आसपास ती शिवणयंत्रासारखी एकसुरी चालली पाहिजे. ती लंगडली तर काहीतरी बिघडलेच आहे.

गॅरेज घराला चिकटून होते आणि बाहेर थंडी. भाचा दार लावू लागला. आम्ही ते उघडायला लावले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद गॅरेजमधला धूर आतल्या दारातून मुलांच्या खोलीपर्यंत जातो. या एका बाबतीत आम्ही कोणाचे ऐकत नाही.

पहिली परीक्षा अगदी फुकटची. थंड इंजिन सुरू करून लगेच चारही धुराच्या नळ्यांवर पाण्याचे थेंब टाकले. तीन नळ्यांवर ते चर्र करून उडाले, तिसऱ्या सिलिंडरच्या नळीवर तसेच ओघळले. तो सिलिंडर पेटतच नव्हता. त्याचा प्लग, म्हणजे आपली बुजी, काढून पाहिली तर कोरडी. ओली निघाली असती तर पेट्रोल येते पण ठिणगी नाही, असा अर्थ झाला असता. शिवाय या गाडीत दुसरा आणि तिसरा सिलिंडर एकाच कॉइलवर व एकाच पॉइंटवर चालतात. दुसरा पेटत होता, म्हणजे कॉइल आणि पॉइंट निर्दोष. वेगात चारही सिलिंडर ओढत होते, म्हणजे मुख्य जेट मोकळे. उरला पायलट जेट. मूठ बंद असताना इंजिनाला पेट्रोल पाजणारे सुईच्या टोकाएवढे भोक ते हेच.

तरी आम्ही लगेच कार्ब्युरेटर उघडले नाहीत. आधी थंड इंजिनावर व्हाल्व्हचे अंतर पाहिले (इनटेक 0.05 मिलिमीटर, एक्झॉस्ट 0.08) आणि पॉइंटची फट 0.3 ते 0.4 मिलिमीटरच्या आत आहे याची खात्री केली. ही मापे चुकलेली असतील तर कार्ब्युरेटर कितीही घासा, व्यर्थ.

चार कार्ब्युरेटर उतरवायला सगळी दुपार गेली. आत पिवळट चिकट थर बसलेला. भाच्याने आधीच्या थंडीत टाकी भरून गाडी तशीच उभी ठेवली होती. अमेरिकेत ज्याला गॅस म्हणतात, त्या आपल्या एसाँसमध्ये तेथे बहुधा 10 टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरालाही सोसत नाही. 15 टक्क्यांच्या मिश्रणाला तर मोटारसायकलींत मनाईच आहे, पंपावर पाटी वाचूनच भरावे. जेट क्लीनरमध्ये भिजवून दाबलेल्या हवेने मोकळा केला. तार खुपसू नये. पितळ मऊ, भोक मोठे झाले की जेट गेला.

गाडी जोडली, चारही नळ्यांवर थेंब उडाले. भाचा टाळ्या पिटू लागला. पण मूठ सोडल्यावर चाल अजूनही चटकन उतरेना. हे लक्षण बहुधा कुठून तरी जास्त हवा शिरण्याचे. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधल्या रबरांवर पाण्याची पिचकारी मारली. काही जण येथे पेट्रोल किंवा क्लीनर उडवतात. तापल्या इंजिनावर आम्ही तसे धाडस करत नाही. पहिल्या रबरावर पाणी पडताच चाल बदलली. रबराच्या खालच्या बाजूस, डोळ्याला न दिसणारी भेग होती. नवी रबरे चार दिवसांत टपालाने आली.

त्या चार दिवसांत बोलता बोलता रॉबर्ट पर्सिग यांची आठवण निघाली. तेही मास्तरच, मॉन्टाना राज्यातल्या बोझमनच्या कॉलेजात शिकवीत. 1968 साली मुलाला मागे बसवून ते मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेले आणि त्या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक 1974 साली निघाले. उंच प्रदेशात हवा विरळ होते, मिश्रण जड होते, प्लग काळे पडतात, याचीही चर्चा त्यात आहे. त्यांची 1966 सालची होंडा सुपर हॉक आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. भाचा म्हणाला, "मामा, आपली नको संग्रहालयात, रस्त्यावरच बरी."

शेवटी चार व्हॅक्यूम गेज लावून चारही कार्ब्युरेटर एका ओढीवर आणले. हे काम शेवटीच करायचे असते. आधी केले असते तर त्या फुटक्या रबराशीच जुळवून बसलो असतो. मग रालांतीचा स्क्रू मागे फिरवला आणि काटा हजारावर स्थिर राहिला. दुसऱ्या दिवशी भाचा त्याच चौकात गेला, आम्ही मागे मोटारीत. तो लाल दिव्याला मूठ सोडून थांबला, हिरवा झाला, तो वळला.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. टाकीत स्टॅबिलायझर घातले होते आणि चारही कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या. गाडी विकण्याविषयी भाचेसून काय म्हणते, असे विचारले, तर हसून म्हणाला, ती शेजारीच उभी आहे, तुम्हीच विचारा.