पडद्यावर ‘झोन ०४’ नको

घरफोडीच्या अलार्मच्या किपॅडवर बहुतेक वेळा दोन ओळींचा पडदा असतो. एका ओळीत सोळा अक्षरं. यंत्र कारखान्यातून येतं तेव्हा त्यात ‘झोन ०१’, ‘झोन ०२’ अशी नावं भरलेली असतात आणि कित्येक घरांत ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. रात्री दोनला हूटर वाजायला लागला, तर झोपेतून उठलेल्या माणसाला ‘झोन ०४’ वाचून काय कळणार? तिथे ‘मागचं दार’ लिहिलेलं असेल, तर निदान कोणत्या बाजूला जायचं नाही एवढं तरी त्याला ठरवता येतं.

मी नाशिकमध्ये बंगले, रो-हाउस, सराफी दुकानं आणि पतसंस्थांमध्ये अलार्म बसवते. तारा ओढायला जितका जीव लावते, तितकाच या सोळा अक्षरांना लावते. साध्या पडद्यांना देवनागरी येत नाही, म्हणून लिपी रोमन, पण शब्द त्या घरातलेच. घरातल्यांना बरोबर घेऊन सगळी दारं-खिडक्या फिरते आणि ते ज्याला जे म्हणतात, तेच भरते. नकाशात ‘युटिलिटी’ लिहिलं असलं तरी आजी जर तिला ‘भांड्यांची मोरी’ म्हणत असतील, तर पडद्यावरही तेच. रोमनमध्ये ते बरोबर सोळा अक्षरांत बसतं.

झोन म्हणजे पॅनेलपासून एखाद्या दारापर्यंत गेलेली तारांची जोडी. चौकटीवर एक बारीक स्विच आणि दाराच्या फळीवर लोहचुंबक असतो. दार उघडलं की चुंबक लांब जातो, स्विच सुटतो. तारेच्या टोकाला, अगदी स्विचपाशी, एक छोटा रेझिस्टर जोडायचा असतो. पॅनेल सतत त्याचा रोध मोजत असतं, त्यामुळे कोणी तार कापली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटवल्या तरी त्याला कळतं. आमच्या धंद्यातले बरेचजण वेळ वाचवायला हा रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच लावून मोकळे होतात. पडद्यावर ‘सिस्टिम रेडी’ येतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण पुढे उंदरानं वेष्टन कुरतडून तारा एकमेकींना टेकल्या, तर ते दार सताड उघडं असलं तरी पॅनेलला बंदच दिसतं. म्हणून अलार्म बसवून घेताना प्रत्येकानं एवढा एक प्रश्न विचारावाच: रेझिस्टर कुठे लावलात?

खोलीतली हालचाल टिपणारा सेंसर शरीराच्या उष्णतेतून येणारे अवरक्त किरण ओळखतो. तो ट्यूबलाइटजवळ लावू नये. उजेडाला किडे येतात, किड्यांमागे पाल येते, आणि पाल थेट भिंगावरून फिरली की सेंसरला ती माणसाएवढी वाटू शकते. अशा चार खोट्या हाका झाल्या की घरातले अलार्म लावायचंच सोडतात, मग बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

किपॅड मुख्य दाराच्या आत, पण बाहेरून दिसणार नाही असा हवा. दार उघडल्यावर कोड दाबायला साधारण तीस सेकंद देतात. आजींचे गुडघे दुखत असतील तर मी पंचेचाळीस ठेवते. कारखान्याचा कोड पहिल्याच दिवशी बदलायचा आणि घरातल्या प्रत्येकाला, कामाच्या मावशींनाही, वेगळा कोड द्यायचा. मग कोण कधी आलं हे पॅनेलच्या नोंदीत दिसतं, आणि मावशींनी काम सोडलं तर एकच कोड काढावा लागतो.

आता दूरवरून लक्ष ठेवण्याबद्दल. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरसूचक घंटेचं पेटंट घेतलं. ते हक्क विकत घेणाऱ्या एडविन होम्स यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये घराघरांतल्या तारा एका केंद्रात आणल्या. आजही निरोप तसाच जातो, फक्त आकड्यांत. ‘काँटॅक्ट आयडी’ नावाच्या पद्धतीत पॅनेल ग्राहकाचा क्रमांक आणि तीन आकडी खूण पाठवतं: १३० म्हणजे घरफोडी, ३०१ म्हणजे वीज गेली, ३०२ म्हणजे बॅटरी उतरली. १२१ ही खूण धाकाची. चोरानं मान धरून अलार्म बंद करायला लावला, तर दाबायचा एक वेगळा कोड असतो. अलार्म नेहमीसारखा बंद होतो, पण केंद्राला १२१ जातो. आणि ६०२ ही ठरावीक वेळी जाणारी हजेरी. ती आली नाही, तर केंद्रानं स्वतःहून फोन करायला हवा, कारण चोर डबाच फोडून टाकेल तेव्हा दुसरी कसलीच खबर येणार नाही.

आपल्याकडे ही साखळी बऱ्याचदा सिमकार्डापाशी तुटते. केंद्राला निरोप पाठवणाऱ्या डायलरमधलं सिम कोणी हाताळत नाही, त्यामुळे रिचार्ज संपल्याचं कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या २जी डायलरमध्ये तर जिओचं सिम चालतच नाही, कारण त्या कंपनीचं २जी जाळंच नाही. बॅटरीचंही गणित करून ठेवावं: सात अँपिअर-अवरची बॅटरी आणि पॅनेलचा खप ३०० मिलिअँपिअर असेल, तर कागदावर तेवीस तास मिळतात, जुन्या बॅटरीत त्याहून बरेच कमी.

शेवटी, फोन कोणाला? आई-वडील नाशिकला आणि मुलगा न्यू जर्सीत, अशी घरं मी खूप पाहते. इथे रात्रीचे दोन, तिथे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार. मोबाइलवर खबर त्याला लगेच मिळते, पण धावून येणं शक्य नसतं. तिथून ११२ फिरवला तर नाशिकच्या पोलिसांना लागत नाही. म्हणून यादीत पहिला नंबर किल्ली ठेवलेल्या शेजारच्या काकांचा, दुसरा समोरच्या घराचा, आणि मुलाच्या फोनमध्ये इथल्या पोलीस चौकीचा थेट नंबर. काकांनाही आधी सांगून ठेवायचं: आत शिरायचं नाही, बाहेरून पाहायचं आणि ११२ला कळवायचं.

काम संपलं की मी स्वतः अलार्म वाजवून दाखवत नाही. आजींनाच मागचं दार उघडायला लावते. हूटर वाजतो, काकांचा फोन खणखणतो, मुलाला खबर जाते. आजी पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचतात आणि कोड दाबून तो बंद करतात. मग घरची वीज बंद करून हेच सगळं पुन्हा करायचं, आणि ते नीट झाल्यावरच मी कामाच्या कागदावर सही घेते.