साथीत बायका मागे का दिसल्या?

"बायकांना त्या रोगाचं गांभीर्यच कळत नव्हतं. लस म्हटलं की घाबरायच्या, व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही खरं मानायच्या." कोविडचा विषय निघाला की हे कुणीतरी बोलतंच. आरोग्य शिबिरात ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, शिकल्यासवरल्या, पदावर बसलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. पुरावा म्हणून दर वेळी एकच गोष्ट पुढे केली जाते: आकडे बघा, लस घेण्यात बायका मागेच होत्या ना?

होत्या. जून २०२१ संपत आला तेव्हा देशात पुरुषांना दिलेल्या दर १,००० डोसमागे स्त्रियांना सुमारे ८५६ डोस मिळाले होते. २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया होत्या. म्हणजे लोकसंख्येतला फरक वजा केला तरी दरी उरतेच. आकड्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आकड्यावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. लस न मिळणं आणि लस नको असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या निष्कर्षात त्यांची सरळ गल्लत झालेली आहे.

त्या उन्हाळ्यात लस मिळायची कशी, ते आठवून पाहा. १ मे २०२१पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन. कोविन हे सरकारी नोंदणी-संकेतस्थळ उघडायचं, मोबाइल क्रमांक टाकायचा, ओटीपी यायचा, मग पिनकोड घालून केंद्र शोधायचं. स्लॉट केव्हा उघडेल याचा नेम नसे आणि उघडला की काही मिनिटांत संपे. सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नाव नोंदवायची मुभा या वयोगटाला मिळाली ती २४ मे रोजी.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी पाहू. ती २०१९ ते २०२१ या काळातली, म्हणजे नेमकी याच दिवसांची. आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. महाराष्ट्रात स्त्रिया ३८ टक्के, पुरुष साडेएकसष्ट. स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या स्त्रिया, देशात काय आणि महाराष्ट्रात काय, निम्म्याहून थोड्याच जास्त. कोविनवर एका मोबाइल क्रमांकावरून चार जणांची नोंदणी होत असे. घरात फोन एक, तो नवऱ्याचा किंवा मोठ्या मुलाचा, आणि तो दिवसभर त्याच्या खिशात. बायकोचं नाव त्या चारांत कितव्या जागी येणार, की येणारच नाही, हे तिच्या आरोग्यविषयक ज्ञानावर ठरत नव्हतं. ते फोन ज्याच्या हातात त्याच्यावर ठरत होतं.

याच महिन्यांत आणखी एक अडसर होता आणि तो खुद्द नियमांनीच घातलेला होता. लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं. स्तनदा मातांना लस घेण्याची परवानगी मिळाली १९ मे रोजी आणि गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी. आपल्या देशात वर्षाला अडीच कोटींच्या आसपास बाळं जन्मतात. ऐन दुसऱ्या लाटेत इतक्या मोठ्या संख्येने तरुण स्त्रियांना सरकारी नियमच "तुम्हाला नाही" असं सांगत होते. गरोदर स्त्रियांना पहिल्या चाचण्यांमधून वगळलं होतं, त्यामुळे त्यांच्याविषयीची माहिती उशिरा आली. सरकारच्या सावधगिरीमागचं हे कारण मला समजतं. पण जिला केंद्रावरून परत पाठवलं गेलं असतं, तिची गणना "घाबरलेल्यां"मध्ये करायची, हे मला मुळीच मान्य नाही.

मग घरकाम. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना कित्येक घरांत जे ऐकावं लागायचं ते असं: "ताई, मी पडले तर भाकरी कोण टाकणार?" आणि दुसरं, "ह्यांना विचारून सांगते." ही उत्तरं रजिस्टरमध्ये "लाभार्थीचा नकार" म्हणून चढली की पुढे वरच्या पातळीवर तो बायकांचा अज्ञानी स्वभाव ठरतो. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात होता. पुरुषांचा ९७ मिनिटांचा, आणि तोही जे पुरुष असं काम करतात त्यांचाच. पाच तासांचं काम उचलायला दुसरं कुणी नसताना आजारी पडण्याची भीती वाटणं यात अंधश्रद्धा कुठे आली? हा व्यवहाराचा हिशेब आहे. शेतमजुरी किंवा धुणीभांडी करणारीच्या बाबतीत त्यात बुडालेली मजुरीही धरा.

हे सगळे अडसर काढल्यावर काय होतं, ते मुंबईत एका दिवसात दिसलं. १७ सप्टेंबर २०२१ हा दिवस महापालिकेने फक्त स्त्रियांसाठी राखून ठेवला. ऑनलाइन नोंदणी नको, आधीपासून वेळ घ्यायला नको, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा या वेळात थेट या. लाखाहून जास्त स्त्रियांनी त्या एका दिवसात लस घेतली. त्या दिवशी देशभर विक्रमी लसीकरणाची मोहीम होती हे खरं आहे, पण मुंबईतल्या सरकारी केंद्रांवर रांग लावून उभ्या होत्या त्या बायकाच. भीती आणि अज्ञान हे कारण असतं, तर एका रात्रीत ते गेलं कुठे? पुढे नोव्हेंबरमध्ये "हर घर दस्तक" मोहिमेत लस दारापर्यंत आली आणि वर्षअखेरीपर्यंत देशातली दरी बरीच बुजली. त्या सहा महिन्यांत बायकांचं ज्ञान अचानक वाढलं नव्हतं. लस त्यांच्यापर्यंत पोचायला लागली होती.

आता "गांभीर्य कळत नव्हतं" या आरोपाकडे येऊ. इथे तर संशोधन नेमकं उलट सांगतं. मार्च-एप्रिल २०२०मध्ये इटली, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या आठ देशांत २१,६४९ लोकांची पाहणी झाली. व्हिन्सेंझो गालासो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मार्चमध्ये कोविडला अतिशय गंभीर आरोग्यप्रश्न मानणाऱ्या स्त्रिया ५९ टक्के होत्या, पुरुष ४८.७ टक्के. निर्बंधांना पाठिंबा देण्यात स्त्रिया पुढे, नियम पाळण्यातही पुढे. कोविडआधीच्या साथींचं चित्रही असंच आहे. श्वसनाच्या साथींविषयीचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१६मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार हात धुणं, मास्क लावणं, गर्दी टाळणं अशा गोष्टी स्त्रिया करण्याची शक्यता पुरुषांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. लस किंवा औषध घेण्यात मात्र पुरुष थोडे पुढे होते. हा तपशील मी मुद्दाम सांगते, कारण तो आपल्या आकड्यांशीही जुळतो: जे घरात, स्वतःच्या हाताने करता येतं त्यात बायका पुढे, ज्यासाठी बाहेर जावं लागतं, वेळ आणि पैसा लागतो, त्यात मागे.

हे युरोप-अमेरिकेतलं झालं, आपल्याकडचं सांगा, असं कुणी म्हणेल. योग्य आक्षेप आहे. परदेशातला टक्का उचलून इथे चिकटवता येत नाही. आपल्याकडे माहितीची परीक्षा घेणाऱ्या प्रश्नावल्या बहुतेक मोबाइलवरून भरून घेतल्या गेल्या. अशा पाहणीत ज्या बाईकडे फोन नाही, ती मुळात मोजलीच जात नाही. आणि ज्या घरी फोन लागतो, तिथे उत्तर देतो तो बहुधा घरातला कर्ता पुरुष. अशा पाहणीवरून "बायकांना कमी माहिती" असं म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही.

याला लागून असलेला दुसरा गैरसमज: "बायकांना कोविड कमी झाला." एप्रिल २०२०च्या सुरुवातीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या आकड्यांत ७६ टक्के रुग्ण पुरुष होते, त्यामुळे हा समज घट्ट बसला. पण ही नोंद होती तपासणी झालेल्यांची. तपासणीला कोण गेलं? परदेशातून किंवा दुसऱ्या शहरातून आलेले, कामावर जाणारे, दवाखान्यात पोचू शकलेले. २०१९च्या त्याच वेळ-वापर सर्वेक्षणावरून केलेल्या एका विश्लेषणानुसार शहरी भारतात ५३ टक्के स्त्रिया पाहणीत नोंदवलेल्या दिवशी घराबाहेर पडल्याच नव्हत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण १४ टक्के. बाहेर न पडणाऱ्याला विषाणू उशिरा गाठतो हे खरं, पण त्याची तपासणीही होत नाही. जुलै २०२०मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टीआयएफआर यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा परिसरातल्या तीन प्रभागांत रक्तातली प्रतिपिंडं तपासली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, आणि स्त्रियांमध्ये ते प्रमाण पुरुषांपेक्षा थोडं जास्तच होतं. विषाणू घरात आला आणि तिला झाला, फक्त कुठल्या यादीत तिचं नाव चढलं नाही. मे २०२०पर्यंतच्या भारतीय आकड्यांवर झालेल्या एका अभ्यासात नोंद झालेल्या रुग्णांपैकी पुरुषांचा मृत्युदर २.९ टक्के आणि स्त्रियांचा ३.३ टक्के आढळला होता. जगात इतरत्र पुरुष जास्त दगावत असताना इथे असं का, याचं एक संभाव्य उत्तर म्हणजे बाई दवाखान्यात पोचली तेव्हा आजार बराच वाढलेला होता.

शरीरातला फरक मी नाकारत नाही. ३१ लाखांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून डिसेंबर २०२०मध्ये "नेचर कम्युनिकेशन्स"मध्ये आलेल्या विश्लेषणात संसर्ग होण्याचं प्रमाण दोघांत सारखंच निघालं, पण अतिदक्षता विभागात जावं लागण्याची शक्यता पुरुषांमध्ये जवळपास तिप्पट आणि मृत्यूची सुमारे १.४ पट होती. प्रतिकारशक्तीतला फरक त्यामागे आहे, तसाच सवयींचाही असू शकतो: २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत १९ टक्के पुरुष धूम्रपान करणारे होते, स्त्रिया २ टक्के. पण "बाईचं शरीर मुळातच काटक, तिला साथ बाधत नाही" हे १९१८च्या इन्फ्लुएन्झाने भारतात खोटं पाडलेलं आहे. त्या साथीत इथे तरुण वयाच्या स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त मेल्या. त्या आधीच अर्धपोटी होत्या आणि घरातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच अंगावर होती.

काही जण उलट टोकाला जातात: "स्त्रिया स्वभावतःच जबाबदार असतात, त्यांना सांगावं लागत नाही." कौतुक म्हणून बोललं तरी हेही चूकच आहे, आणि सगळी शुश्रूषा तिच्यावर ढकलायला सोयीचं आहे. गालासो यांच्याच अभ्यासात एकत्र राहणाऱ्या विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री-पुरुषांतला फरक कमी झालेला दिसतो, आणि ज्यांनी कोविड जवळून पाहिला त्यांच्यातही. अमेरिकेतल्या मास्कविषयीच्या एका पाहणीत मास्क लावणं कमकुवतपणाचं वाटतं असं पुरुष जास्त म्हणत होते, पण जिथे मास्क सक्तीचा होता तिथे हा फरक जवळजवळ मिटला. जो फरक एका नियमाने मिटतो, त्याला स्वभाव म्हणता येत नाही.

असेच आणखी काही समज वारंवार कानावर येतात. "अफवा बायकाच पसरवतात." संदेश पुढे पाठवायला फोन आणि इंटरनेट लागतं, ते कुणाच्या हातात जास्त आहे ते वर आलंच आहे.

"आशाताईंना सगळं आपोआप कळतं, त्यांना वेगळं काही द्यायला नको." "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" या सप्टेंबर २०२०मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत राज्यातलं घरन् घर त्यांनी पालथं घातलं, आणि जून २०२१मध्ये त्यांनाच मानधन आणि सुरक्षेच्या मागण्यांसाठी संप करावा लागला. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, पण गौरवाने मानधन आणि सुरक्षेची गरज भागत नाही.

"पाळीच्या आधी आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये." एप्रिल २०२१मध्ये फिरलेला हा संदेश पत्र सूचना कार्यालयाने तेव्हाच खोटा ठरवला होता, तरी पुढेही विचारणा होत राहिली. त्याच वेळी लसीनंतर पाळी पुढे गेल्याचं ज्या स्त्रिया सांगत होत्या, त्यांना "मनाचे खेळ" म्हणून गप्प बसवलं गेलं, आणि तेही अन्यायाचं होतं. जानेवारी २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात एका डोसनंतर चक्र सरासरी एका दिवसापेक्षाही कमी काळाने लांबलेलं आढळलं, आणि ते तात्पुरतं होतं. वंध्यत्वाशी लसीचा संबंध सापडलेला नाही. लसीची तारीख पाळीच्या दिवसांत आली तरी ती बदलायचं कारण नव्हतं.