लॅक्स्टन : कुंपण नसलेले इंग्लिश शिवार

मध्य इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूअर्क शहराच्या उत्तरेस, लॅक्स्टन हे काहीशे वस्तीचे खेडे आहे. लाल विटांची घरे, एक चर्च, एक पब आणि उत्तरेच्या अंगाला गवताने झाकलेली किल्ल्याची टेकडी एवढेच वर्णन केले, तर ते इंग्लंडमधील कितीतरी गावांना लागू पडेल. लॅक्स्टनचे वेगळेपण गावठाणाबाहेरच्या शिवारात आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात रूढ असलेली खुल्या शेतांची पद्धत, म्हणजे कुंपण वा वई नसलेल्या विस्तीर्ण शेतांत प्रत्येक शेतकऱ्याने विखुरलेले पट्टे कसायचे आणि पिकांचा क्रम मात्र सर्वांनी एकच पाळायचा ही व्यवस्था, येथे आजही चालू आहे आणि तिचे नियमन करणारे न्यायालयही दरवर्षी भरते.

वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही येथील तीन मोठी शेते. त्यांपैकी एकात शरद ऋतूत पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतातील पेरणीचे पीक, तर तिसरे पडीक असा क्रम असून तो दरवर्षी एका शेताने पुढे सरकतो. चांगली आणि हलकी जमीन सर्वांच्या वाट्याला सारखी यावी म्हणून एकाच कुळाचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. जमीन अशी चहूकडे असल्यामुळे वाडा शेतावर बांधण्यात अर्थ नव्हता. म्हणून येथील शेतकऱ्यांची घरे व कोठारे गावातील रस्त्यालगतच, अनेकदा रस्त्याकडे अरुंद बाजू करून उभी आहेत. जी जमीन उताराची वा पाणथळ असल्याने नांगराखाली आली नाही, ती ‘साइक्स’ या नावाने गवतासाठी राखलेली आहे. तेथील वैरणीचा दरवर्षी लिलाव होतो, आणि नांगर व रासायनिक खत न पोहोचल्यामुळे रानफुलांच्या दृष्टीने या पट्ट्यांना सरकारी संरक्षण मिळाले आहे.

दोन पट्ट्यांमध्ये बांध नसल्यामुळे शेजाऱ्याच्या किंवा सामाईक वाटेच्या जमिनीत एखादे तास जास्त घालण्याचा मोह सहज होतो. बांध कोरण्यासाठी बांध असावाच लागतो असे नाही. यावर उपाय म्हणून ‘कोर्ट लीट’, म्हणजे जहागिरीच्या मालकाच्या नावाने भरणारे ग्रामन्यायालय, ज्युरी नेमते. गव्हाची पेरणी झाल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस, हे पंच ते शेत पायी फिरून पाहतात, हद्दीवर खुंट ठोकतात आणि अतिक्रमणाची नोंद करतात. पुढच्या आठवड्यात डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये न्यायालय भरते आणि दंड आकारले जातात. भटकी जनावरे कोंडून ठेवणारा ‘पिंडर’ हा याच व्यवस्थेतील अधिकारी, आणि त्याचा कोंडवाडाही गावात पाहता येतो. इंग्लंडमधील अशा बहुतेक न्यायालयांचे अधिकार 1977 च्या कायद्याने संपुष्टात आणले, तेव्हा लॅक्स्टनच्या न्यायालयाचा अपवाद करण्यात आला.

सतराव्या शतकातील शिवार कसे होते हे तपशिलाने कळते, कारण सर विल्यम कोर्टेन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने ही जहागीर घेतल्यानंतर मार्क पिअर्स याने तिची मोजणी करून 1635 मध्ये नकाशा तयार केला. एकेक पट्टा, त्याचा कसणारा, शिवाय नांगरणी, कापणी व शिकार करणाऱ्या चिमुकल्या आकृत्या त्यात रेखाटल्या असून तो ऑक्सफर्डच्या बोडलीयन ग्रंथालयात जतन केलेला आहे. त्याच वर्षी राजा पहिला चार्ल्स याने कोर्टेनच्या व्यापारी मंडळाला पूर्वेकडील व्यापाराचा परवाना दिला, आणि ईस्ट इंडिया कंपनीला शह देणारी या मंडळाची जहाजे पुढील काही वर्षांत गोवा व कारवारच्या किनाऱ्यावर येऊ लागली. एका खेड्याची पट्टेवार मोजणी आणि कोकणपट्टीतील मिरीचा व्यापार यांमागे एकच थैली होती, ही बाब स्थानिक इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा मिळवत नाही.

1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने पाच हजारांहून अधिक कायदे करून खुली शेते व गायराने कुंपणबंद केली. लॅक्स्टन त्यातून वाचले ते परंपरेच्या प्रेमामुळे नव्हे. येथील दोन प्रमुख जमीनमालक, अर्ल मॅनव्हर्स व अर्ल ऑफ स्कारबरो, यांचे आपसांत जमत नव्हते आणि पुढे कुंपणबंदीचा खर्च परवडेनासा झाला. तरीही हे शिवार मध्ययुगात गोठलेले नाही. ईस्ट फील्ड हे चौथे शेत कुंपणबंद झाले, विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे एकत्र करून रुंद करण्यात आले, आणि त्यांवर आता ट्रॅक्टर चालतो.

वास्तूंपैकी किल्ला सर्वांत जुना. बाराव्या शतकातील हा किल्ला कृत्रिम टेकडी व तिच्या पायथ्याशी खंदकाने वेढलेले आवार अशा नॉर्मन धाटणीचा असून शेरवुडच्या शाही अरण्याची देखरेख करणाऱ्या एव्हरिंगहॅम घराण्याचे ते ठाणे होते. आज दगडी बांधकाम नाही, पण मातीचा आकार स्पष्ट आहे. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये या घराण्याची थडगी असून त्यांत ओक लाकडात कोरलेली एका स्त्रीची दुर्मीळ शयनमूर्ती आहे. 1860 च्या सुमारास अर्ल मॅनव्हर्सने जीर्णोद्धार करताना चर्च लहान केले. गावाच्या हद्दीत 1995 पासून ज्यू नरसंहाराचे राष्ट्रीय स्मारक-संग्रहालयही आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल.

मॅनव्हर्स घराण्याने 1952 मध्ये जहागीर कृषी मंत्रालयाला विकली, 1981 मध्ये ती क्राउन इस्टेट या राजमुकुटाच्या नावे असलेल्या सार्वजनिक मालमत्ता-संस्थेकडे गेली, आणि 2020 मध्ये मॅनव्हर्सच्याच वारसांच्या थोर्सबी इस्टेटने ती परत घेतली. पाहणाऱ्याने जून महिन्यात जावे, तेव्हा साइक्समधील रानफुले बहरात असतात. मात्र पट्टे लोकांच्या पोटापाण्याचे असल्याने सार्वजनिक पायवाट सोडू नये.