नाकाबंदीत गाडी थांबली आणि गाडीत शस्त्र असेल तर? कायदा समजून घ्या

१ जानेवारीला भीमा कोरेगाव, १४ एप्रिलला जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी. वर्षातून अनेकदा आपले तरुण भाड्याच्या जीपमधून, मित्राच्या गाडीतून, रात्रभर प्रवास करून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. याच दिवसांत रस्त्यावर नाकाबंदी सर्वात कडक असते. त्यात निवडणूक लागली तर प्रत्येक जिल्ह्याच्या हद्दीवर तपासणी नाके उभे राहतात.

अशा वेळी डिकीत एखादी तलवार, सीटखाली कोयता किंवा एखाद्या निवृत्त सैनिक काकांची बाराबोर बंदूक निघाली, तर पुढे काय होते? बहुतेकांना वाटते, "लायसन्स आहे ना, मग काय भीती?" किंवा "तलवार तर सत्कारात मिळाली आहे." दोन्ही समज अर्धवट आहेत. शस्त्र अधिनियमाखाली एक गुन्हा नोंद झाला, तर पोलीस भरती, सरकारी नोकरी आणि पासपोर्ट या तिन्ही ठिकाणी चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेला बसली आहे, त्या घराला हे परवडणारे नाही. म्हणून कायदा नीट समजून घेऊया.

पोलीस गाडी थांबवू शकतात का?

हो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २३ नुसार कायद्याचा भंग होत आहे का किंवा होण्याची शक्यता आहे का, हे पाहण्यासाठी पोलीस अधिकारी कोणतेही वाहन थांबवून झडती घेऊ शकतात. शस्त्र सापडले तर ते आणि त्यासोबत वाहनही जप्त होऊ शकते. म्हणजे भाड्याने आणलेली गाडी असेल तर गाडीमालकही अडचणीत येतो.

कलम १९ नुसार शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस परवाना मागू शकतात. तो तिथेच दाखवता आला नाही, तर नाव-पत्ता विचारला जातो आणि शस्त्र ताब्यात घेता येते. नाव-पत्ता सांगायला नकार दिला, खोटे सांगितल्याचा संशय आला किंवा माणूस पळून जाईल असे वाटले, तर वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते.

यापुढचे कलम २० फार कमी लोकांना माहीत असते. परवाना असला तरीही, शस्त्र ज्या पद्धतीने किंवा ज्या परिस्थितीत नेले जात आहे त्यावरून बेकायदा वापराचा रास्त संशय येत असेल, तर अटक करता येते. परवाना म्हणजे सगळीकडे चालणारा पास नव्हे, हे या कलमातून स्पष्ट होते.

परवाना असेल तर काय पाहावे?

आपल्या समाजातले अनेक निवृत्त सैनिक बँकेत, एटीएम व्हॅनवर किंवा कारखान्यात सशस्त्र सुरक्षारक्षक म्हणून काम करतात. गावाहून पुण्या-मुंबईला बंदूक घेऊन जाणारे लोक बहुधा हेच असतात. त्यांनी आणि त्यांच्या घरातल्या तरुणांनी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) परवान्याचे क्षेत्र. परवाना कोणत्या भागापुरता आहे हे त्यावरच लिहिलेले असते. तो फक्त महाराष्ट्रापुरता असेल, तर बेळगाव, गोवा किंवा हैदराबादच्या रस्त्यावर राज्याची हद्द ओलांडली की परवान्याचे संरक्षण संपते.

२) मुदत आणि मूळ कागद. नूतनीकरण झालेले आहे का ते पाहा. परवाना शस्त्रासोबतच ठेवा. घरी कपाटात ठेवलेला परवाना नाक्यावर कामाला येत नाही.

३) शस्त्र कोणाच्या हातात आहे. परवाना वडिलांचा आणि बंदूक मुलाच्या गाडीत, असे चालत नाही. वडील गाडीत नसतील, तर ते शस्त्र मुलासाठी विनापरवानाच ठरू शकते.

४) नेण्याची पद्धत. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टर, पिशवी किंवा बंदुकीच्या कव्हरमध्ये पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असावे. डॅशबोर्डवर ठेवणे किंवा काचेतून दाखवणे हा नियमभंग आहे.

५) कुठे नेत आहात. जिल्हाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल, तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात परवान्याचे शस्त्र नेता येत नाही. ही परवान्याचीच अट असते. म्हणून जयंतीच्या मिरवणुकीत, मग ती कितीही मोठ्या नेत्याची असो, कमरेला पिस्तूल लावून फिरणारा माणूस अट मोडत असतो. परवान्याची अट मोडल्यास कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मिरवणुकीत किंवा लग्नात हवेत गोळी झाडणे तर स्वतंत्र गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जल्लोषात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होतात. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

परवानाच नसेल तर?

विनापरवाना बंदूक, पिस्तूल किंवा काडतुसे बाळगल्यास किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षे कैद व दंड आहे. शस्त्र प्रतिबंधित वर्गातले असेल तर किमान ७ आणि कमाल १४ वर्षे. गावठी कट्टा "दाखवायला" आणणाऱ्या मित्राला गाडीत बसवण्यापूर्वी हे आकडे लक्षात ठेवा.

"शस्त्र माझे नव्हते, फक्त गाडी माझी होती" हा बचाव चालतो का? कायद्यात नुसते सापडणे पुरेसे नाही, जाणीवपूर्वक ताबा लागतो. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. शस्त्र आपल्याकडे आहे याची जाणीव असायला हवी. मात्र ते अंगावरच असायला हवे असे नाही, त्यावर आपले नियंत्रण असले तरी तो ताबा ठरतो. म्हणजे ज्याला खरोखर माहीत नव्हते त्याला बचाव आहे, पण तो न्यायालयात सिद्ध होईपर्यंत वर्षे जातात. म्हणून निघण्यापूर्वी गाडी स्वतः उघडून पाहणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. विशेषतः भाड्याची गाडी असेल तेव्हा.

तलवार, कोयता आणि काठी

आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल होतात ते बंदुकीपेक्षा धारदार हत्यारांमुळे जास्त. सत्कारात तलवार देणे, वाढदिवसाला रस्त्यावर तलवारीने केक कापणे आणि त्याचा व्हिडिओ टाकणे ही फॅशन झाली आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरगुती वा शेतीच्या कामासाठी नसलेले हत्यार शस्त्र नियमांच्या यादीत येते. पोलीस यात शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा नोंदवतात. पुरावा तर आपणच इन्स्टाग्रामवर टाकलेला असतो.

केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू कायद्याने 'शस्त्र' नाहीत. ऊसतोड कामगाराचा कोयता हे त्याचे अवजार आहे. पण तोच कोयता रात्री दोन वाजता शहरात, चार जणांच्या गाडीत, सीटखाली सापडला तर तो उसासाठी होता हे कोण मानेल?

त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ आहे. सण, जयंती, आंदोलन किंवा तणावाच्या काळात या कलमाखाली आदेश निघतात. आदेश लागू असताना तलवारी, भाले, सुरेच नव्हे, तर लाठ्या-काठ्या आणि गोळा केलेले दगडही चालत नाहीत. आदेश मोडल्यास कलम १३५ खाली साधारणपणे किमान ४ महिने ते १ वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. झेंड्याची जाड काठी, हॉकी स्टिक, लोखंडी रॉड यांचा प्रश्न इथे येतो. आयोजकांनी आधीच स्थानिक पोलीस ठाण्यात आदेशाची चौकशी करावी आणि झेंड्यासाठी हलक्या पाइपचा वापर करावा.

निवडणुकीच्या काळात

आचारसंहिता लागली की परवानाधारकांची यादी तपासली जाते आणि समिती ज्यांच्याबाबत निर्णय घेईल त्यांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. जमा केल्याची पावती जपून ठेवा, कारण शस्त्र परत घेताना तीच लागते. बँकेच्या सुरक्षारक्षकांनी मालकाच्या पत्रासह सूट मिळण्यासाठी वेळेत अर्ज करावा. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३४-ब खाली गुन्हा आहे. त्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि परवानाही रद्द होतो. बूथवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे.

नाक्यावर आपण काय करावे, आपले हक्क कोणते?

गाडी बाजूला घ्या, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर दिसू द्या. परवान्याचे शस्त्र असेल तर पोलिसांनी विचारण्यापूर्वीच शांतपणे तोंडी सांगा. ते काढून दाखवायला जाऊ नका, पोलीस सांगतील तसे करा. वाद, घोषणा, पळापळ यांपैकी काहीही नको.

पण शांत राहणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण व्हायला हवे. ते होत आहे का, हे नम्रपणे विचारा. जप्तीचा पंचनामा वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. महिलेची अंगझडती महिलेनेच, प्रतिष्ठा राखून घ्यायची असते. अटक झाली तर कारण सांगणे, नातेवाइकांना किंवा मित्राला कळवणे आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. आवडीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे.

अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये ही तरतूद आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. हा क्रमांक प्रत्येक गाडीतल्या एकाच्या तरी मोबाइलमध्ये असावा.

आणि जिथे आपल्यावरच शस्त्र रोखले जाते?

गावात जातीय तणाव असतो, समोरच्यांकडे परवान्याच्या बंदुका असतात आणि आपले तरुण म्हणतात, "मग आपणही काहीतरी ठेवायला नको का?" हा राग खरा आहे. पण त्याचे उत्तर सीटखालचा कोयता नाही. उत्तर अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५ च्या नियम ३ मध्ये आहे.

या नियमानुसार राज्य सरकारने अत्याचाराची शक्यता असलेली ठिकाणे निश्चित करायची आहेत. तिथे जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी कायदा-सुव्यवस्थेचा आढावा घ्यायचा आहे. गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची आहेत. बेकायदा शस्त्रे जप्त करायची आहेत. आणि आवश्यक असल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने द्यायचे आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतले बौद्धही या संरक्षणात येतात, मात्र जातीचा दाखला हाताशी असायला हवा.

म्हणून गावात धमक्या येत असतील तर निवेदनात फक्त "बंदोबस्त द्या" असे लिहू नका. नियम ३ चा उल्लेख करून, अमुक व्यक्तींच्या शस्त्र परवान्यांचा फेरविचार करा, अशी लेखी मागणी करा आणि पोचपावती घ्या. प्रशासनाने काही केले नाही, तर पुढे न्यायालयात तीच पोचपावती बोलते.

या वर्षी गाडी निघण्यापूर्वी प्रत्येक गटाने एक जबाबदार माणूस नेमावा. त्याने डिकी आणि सीटखाली पाहावे, गाडीची कागदपत्रे तपासावीत, वकिलाचा नंबर सर्वांना द्यावा. आपल्या एकाही पोराचे करिअर एका तलवारीपायी संपता कामा नये.

जय भीम!