पाच ग्रॅमचा हिशोब

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. तपासणीत साखर १०० (दर डेसिलिटरला मिलिग्रॅम) आली, तर त्या सगळ्या रक्तात मिळून ती भरते जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. उपाशीपोटी १२६ वर गेली की मधुमेहाचं निदान होतं. तेव्हा भरते ६.३ ग्रॅम. आयुष्यभराची गोळी मागे लागते ती या सव्वा ग्रॅमने! आणि वाटीभर भातातून एका बैठकीत चाळीसेक ग्रॅम साखर रक्तात उतरायला लागते.

ती मुरते कुठे? यकृतात शंभरेक ग्रॅम, स्नायूंत चारशेच्या आसपास. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असली, की इन्सुलिनचं कामही अडतं आणि साठवायची जागाही अपुरी पडते. म्हणून तोच भात एकाला पचतो, दुसऱ्याची साखर चढवतो.

स्नायू आणि चरबीचं हे प्रमाण वजनकाट्यावर दिसत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. ६५ किलोचं शरीर धरलं, तर हा फरक जवळजवळ आठ किलोंचा होतो.

आणि ही गोष्ट जन्मापासूनची आहे. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. दंड बारीक, पोट बारीक. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडी चिमट्यात धरून मोजली, तर तिथली चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. अडीच-पावणेतीन किलोच्या जिवातही शरीराने स्नायू सोडले आणि चरबी राखली. मला तरी सगळ्या आकड्यांपेक्षा हीच गोष्ट जास्त अस्वस्थ करते.

इंग्लंडमध्ये १४ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्यावर २०२१ मध्ये दिसलं, की गोऱ्यांना बीएमआय ३० ला मधुमेहाचा जो धोका, तो दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच. पाच फूट सात इंच उंचीला याचा अर्थ ८७ किलो आणि ६९ किलो. आपल्याकडे ६९ किलोच्या माणसाला कुणी जाड म्हणत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. दोन्ही मिळून, २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त माणसं.

तेव्हा काट्यावर विसंबू नका. टेप घ्या, कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन कितीही बेताचं असो, या आठवड्यात साखर तपासून घ्या.